बँजोची आखूड तार

जॉन्सन सिटी, टेनेसी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. अप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा भुगा झाला होता, पण तोही मी चमच्यानं खाल्ला, आईला सांगा. कार्तिकीला मंडळ पंढरपूरला जाऊन आलं का? गुडघ्यांमुळे तुम्ही गेला नसणार, आणि जाता आलं नाही म्हणून दोन दिवस घरात सगळ्यांवर चिडचिड केली असणार. इथे बसून दिसतंय मला.

काल रात्री मी गाणं ऐकायला गेले होते. फोनवर सांगायला लागले की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून फोन आईकडे देता. म्हणून लिहितेय.

लॅबमधली माझी मैत्रीण इथल्याच डोंगरातली. तिच्या गाडीतून ब्रिस्टलला गेलो, चाळीसेक किलोमीटर. हे गाव दोन राज्यांत आहे. मुख्य रस्त्याच्या मधोमध पितळी खुणा बसवल्यात. उत्तरेची दुकानं व्हर्जिनियात, दक्षिणेची टेनेसीत. एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढला, धाकट्याच्या फोनवर आहे. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीर नावाचा माणूस व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीचं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन याच रस्त्यावर आला, टोप्यांच्या एका जुन्या गोदामात बसला आणि दोनेक आठवड्यांत ७६ गाणी तबकड्यांसाठी घेऊन गेला. डोंगरातून कार्टर नावाच्या घरातली गाणारी मंडळी आली होती. त्यातली मेबेल पोटुशी, आठवा महिना, आणि गिटार तीच वाजवत होती! अमेरिकेचं कंट्री संगीत इथे जन्मलं, असं गाववाले म्हणतात. अशा तबकड्या चार वर्षं आधी अटलांटात निघाल्या होत्या, पण गावच्या अभिमानापुढे आपण कशाला बोला.

तिकीट पंचवीस डॉलर. रुपयात गुणाकार केला नाही, तुम्हीही करू नका.

पाटीवर लिहिलं होतं 'सेल्टिक आणि अ‍ॅपलेशियन'. सेल्टिक म्हणजे ढोबळ मानानं आयर्लंड-स्कॉटलंडकडचं. अ‍ॅपलेशियन म्हणजे या डोंगररांगांतलं. अठराव्या शतकात आयर्लंडच्या उत्तर भागातून, अल्स्टरमधून, माणसं जहाजानं फिलाडेल्फियाला उतरली आणि बैलगाड्या-घोडागाड्यांनी दरीदरीनं खाली सरकत इथे येऊन राहिली. येताना सामान थोडं आणलं, गाणी पुष्कळ आणली.

पहिली आयरिश जोडी बसली. एकाकडे पाइप्स होते, पण तोंडानं फुंकायचे नव्हेत. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत पिशवी. भात्यानं हवा भरायची, काखेनं दाबायची. नावच 'इलन पाइप्स', आयरिशमध्ये त्याचा अर्थ कोपर. मांडीवर तीन नळ्या आडव्या पडलेल्या असतात, त्या एकच सूर धरून बसतात. आपली तंबोऱ्याची जोडी म्हणा ना. तो सूर जुळवायला त्याला इतका वेळ लागला की मागच्या रांगेतून कुणीतरी खोकलं. मला मंडळाच्या पेटीची आठवण झाली.

दुसऱ्याच्या हातात बौरान. अप्पा, ही तर आपल्या वाघ्याची दिमडीच, फक्त ताटापेक्षा मोठी. बकऱ्याचं कातडं एका बाजूनं ताणलेलं. डावा हात आत घालून कातड्याला मागून दाबायचं, की आवाज वर चढतो, सोडलं की खाली येतो. उजव्या हातात वीतभर लाकडी दांडू, दोन्ही टोकांनी वाजणारा. मध्यंतरात मी मुद्दाम स्टेजजवळ गेले. हॉलमध्ये हीटर सुरू, कातडं कडकडीत झालेलं. तो ओंजळीतलं पाणी आतून शिंपडून तळहातानं पुसत होता आणि कान लावून टकटक करत होता. तुम्ही पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावता, तिंबता, परत खरवडता, अगदी तोच चेहरा. त्याला सांगितलं, माझे वडील गव्हाचं पीठ लावतात. त्याला आधी थट्टाच वाटली. मग फोनवर तुमचा सप्त्यातला व्हिडिओ दाखवला, तर शेवटपर्यंत बघितला.

त्यांच्या चालींना जिग म्हणतात, रील म्हणतात. जिग सहाची, तीन-तीनची, दादराच म्हणा, पण पळवलेला. रील चारचारची. चालीचे दोन भाग, प्रत्येक दोनदा. तीन फेऱ्या झाल्या की न थांबता दुसरी चाल पकडायची. लोक टाळ्या धरायला लागले तशी मीही धरली, आणि माझी पंचाईत झाली. माझी टाळी समेवर पडते, हॉलची पडत होती दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. तुम्ही लहानपणी हातावर टाळ मारून शिकवलंत, ते आता सुटायचं नाही. शेवटी हात मांडीखाली घेऊन बसले.

मध्यंतरानंतर इथले दोघं आले, फिडल, म्हणजे व्हायोलिनच, आणि बँजो. बँजोला चार लांब तारा आणि पाचवी आखूड. तिची खुंटी दांड्याच्या मध्यावरच. ती बोटांनी दाबायची नाही, अंगठ्यानं सारखी छेडायची. चाल कुठेही जाओ, ती आपली तिथेच, आपल्या तुणतुण्यासारखी. नखाची पाठ तारेवर आपटून वाजवतात, वरून खाली. मांजरानं दार ओरबाडावं तसा हात चालतो, पण आवाज गोड.

इथे माझं त्या पाटीशी जमलं नाही. बँजो ना आयर्लंडचा, ना या डोंगरांचा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी भोपळ्याला कातडं ताणून तसली वाद्यं इकडे बनवली, त्यातून हा आला. अर्धं संगीत ज्यांचं, त्यांचं नाव पाटीवर नाही. वाजवणाऱ्यानं मात्र आपण होऊन सांगितलं, आणि जो थॉम्पसन या कृष्णवर्णीय फिडलरचं नाव घेतलं. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातले हे म्हातारबाबा ऐंशी ओलांडल्यावरही घरी येणाऱ्या तरुण पोरांना शिकवत राहिले. रिअ‍ॅनन गिडन्स ही गायिका त्यांच्याकडे अशीच जाऊन बसली, आणि आज तिला सगळं जग ओळखतं.

मग एक बाई आल्या, साठीच्या असतील. वाद्य नाही, हातवारे नाहीत. हात मांडीवर, नजर भिंतीवर, आणि बार्बरा अ‍ॅलनची कहाणी. मरणाऱ्या प्रियकराला ती टाकून बोलते, मग स्वतः मरते. एकाच्या थडग्यातून गुलाब येतो, दुसऱ्यातून काटेरी वेल, आणि दोन्हींची गाठ बसते. या गाण्याचा उल्लेख १६६६ साली लंडनच्या सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीत आहे. मरणाच्या कडव्यालाही बाईंचा आवाज तसूभर हलला नाही. मैत्रीण कानात म्हणाली, तिची आजीही अशीच गायची, बीन्स सोलता सोलता. गुडघ्याला गुडघा लावून बसायचं आणि आजीच्या तोंडाकडे बघत शिकायचं, असं तिकडे म्हणतात.

१९१६ ते १९१८ मध्ये सेसिल शार्प नावाचा इंग्रज मॉड कार्पेलीस या सहायक बाईंना घेऊन या डोंगरांत पायपीट करत होता. तो चाल टिपायचा, त्या शब्द. त्याला जुनी इंग्लंडची गाणी हवी होती, तीच त्यानं मुख्यतः शोधली. पण टिपली म्हणून राहिली. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. आपल्या आळीत मात्र कुणी आलं नव्हतं. आजी गेली तेव्हा मी नववीत होते. तिचं "निरेच्या पाण्यावर, माझ्या बंधूची सावली" एवढंच माझ्याकडे आहे. पुढची ओळ काल परत येताना गाडीत तासभर आठवत होते, नाही आली.

मोठ्या आत्याला येत असेल. धाकट्याला सांगा, बारामतीला जाईल तेव्हा फोन तिच्याजवळ ठेवून रेकॉर्डिंग सुरू करायचं. "म्हण" म्हणायचं नाही, म्हटलं की ती लाजते. नुसती निवडायला ज्वारी द्यायची पुढ्यात.

चिवडा तीन दिवसांत संपला. मैत्रिणीला तिखट लागला, तरी निम्मा तिनंच खाल्ला.

तुमची,
छकुली