ठेव मोडू नका

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही माझ्या कंपनीसाठी ठेव मोडायचं काढलंत आणि मी विषय बदलला. आईच्या ते लक्षात आलं असणार. तुमचा आवाज कानावर पडला की माझ्याकडून पटकन ‘हो’ निघून जातं, म्हणून आज लिहूनच सांगते. तुमचे पैसे मी घेणार नाही. बाहेरच्या गुंतवणूकदाराशी करार झाला आहे, सह्याही झाल्या आहेत.

रागावू नका. तुम्हाला परकं मानलं असं मनातसुद्धा आणू नका. पण आरोग्याच्या उपकरणाचं काम असं असतं की आधी नुसता पैसा जात राहतो. आमचा इनसोल म्हणजे मधुमेहींच्या तळव्याचं तापमान बघणारा पातळ तळ; तो बुटात घालायचा, म्हणजे दिवसभर कातडीला लागून राहणार. त्याच्या कापडाने आणि गोंदाने शरीराला अपाय होत नाही ना, याची आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासणी लागते. कारखान्यात वैद्यकीय उपकरणांसाठीची आयएसओ १३४८५ ची दर्जाव्यवस्था हवी, मग रुग्णांवरची चाचणी, मग मान्यता. तोवर एकही नग विकता येत नाही. चाचणीत आमचं गणित खोटं ठरलं तर सगळा पैसा गेला. गुंतवणूकदार अनेक कंपन्यांत पैसा वाटून ठेवतो आणि त्यातल्या काही बुडणार हे धरूनच चालतो. तुमची ठेव एकच आहे, तिच्यावर तुम्हा दोघांची औषधं चालतात. ती बुडाली तर मला रात्री झोप लागेल का, तुम्हीच सांगा.

आई, तू विचारशील, मग त्या परक्या माणसाला काय दिलंस? कंपनीतला हिस्सा दिला. कर्ज नाही, त्यामुळे हप्ते नाहीत. घर तारण नाही, माझी वैयक्तिक हमीही नाही. हे मी करारात दोनदा वाचून घेतलं. पैसे एकदम हातात येत नाहीत, टप्पा पुरा झाला की पुढचे मिळतात. माझे स्वतःचे शेअर्ससुद्धा चार वर्षांत थोडे थोडे माझे होतील, आणि पहिल्या वर्षातच सोडून गेले तर काहीच मिळणार नाही. तुला हे अपमानाचं वाटेल, पण मला रास्त वाटतं. दुसऱ्याचा पैसा घेऊन मी मध्येच उठून जाणार नाही, एवढंच त्यांना हवं आहे. आणि पेटंटचा अर्ज मी कुणालाही काही दाखवायच्या आधीच केला होता. बहुतेक देशांत आधी जाहीर केलं की हक्कच जातो. मंजूर झालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं ते राहील.

बाबा, तुम्ही थेरानोसचं कात्रण जपून ठेवलंय, ते मला ठाऊक आहे. बोटातून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर ढीगभर तपासण्या करू, असं सांगून त्या कंपनीने अफाट पैसा उभा केला. यंत्राला ते जमत नव्हतं. २०१८ मध्ये कंपनी बंद झाली आणि २०२२ मध्ये संस्थापिकेला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. तुमची भीती मला समजते. तिथे गाजावाजा आधी झाला आणि पुरावा आलाच नाही. आम्ही चाचणीचे आकडे हातात आल्याशिवाय एक ओळही जाहिरात करणार नाही, म्हणूनच हे वर्ष लांबलं.

जाहिरातवाल्यांनी ‘पाय वाचवा’ असे मोठे शब्द सुचवले होते. काकांच्या पायाची गोष्ट, त्यांचा फोटो, असंही कुणीतरी म्हणालं. मी जागच्या जागी नाही म्हटलं. काकूंना ते कधीच सहन झालं नसतं, आणि तो दावा खराही नाही. दोन्ही तळव्यांवर त्याच जागी तापमानात २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक पडला आणि टिकून राहिला, तर आत सूज असू शकते. आमचा इनसोल तेवढंच दाखवतो. चालणं थांबवून डॉक्टरकडे जायचं काम माणसालाच करावं लागतं. डब्यावर तेवढंच लिहिणार.

खरी अडचण वेगळीच आहे. मधुमेहाने ज्याचा पाय बधिर झाला, त्याला दुखत नाही, म्हणून त्याला काही विकत घ्यावंसंही वाटत नाही. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच ओळखलं होतं, की बोटं रोगाने झडत नाहीत. वेदना कळत नसल्याने जखमा चिघळत जातात आणि बोटं जातात. न दुखणाऱ्या माणसाला कसं पटवायचं? म्हणून आम्ही आधी त्याच्या बायकोकडे, मुलीकडे, ड्रेसिंग करणाऱ्या नर्सकडे जाणार आहोत. पाय तपासणारे तेच असतात. आई, आपल्या घरातही काकांच्या पायावरचा डाग पहिल्यांदा तूच पाहिला होतास.

बाबा, तुम्ही रोज रात्री माझ्या शाळेच्या बुटांत हात घालून खडा राहिलाय का ते बघायचात. मी झोपेचं सोंग घेऊन पाहत असायची. तो हात अजून डोळ्यांसमोर आहे. आता तुमच्या बुटात हात घालायला मी तिथे नाही, ते तुम्हीच घालायचं. रोज! तळवे आरशात बघायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, पाणी कोपराने बघूनच पाय धुवायचे. भोवरीला ब्लेड लावायचं नाही, घरातही अनवाणी फिरायचं नाही. आई, हे बाबांच्या भरवशावर सोडू नकोस. दहा ग्रॅमच्या तंतूची तपासणी या महिन्यात करून घ्या. डॉक्टर तळव्याला दहा ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा दोरा टेकवून स्पर्श कळतो का ते विचारतात, काही दुखत नाही. ‘मला सगळं कळतं’ म्हणून टाळू नका.

माझी काळजी करू नका. पगार कमी घेते पण वेळेवर घेते, आरोग्यविमा काढला आहे, ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ आहे. खोलीत ऊन येतं. जेवण वेळेवर होतं, अगदी खरं सांगते. चाचणी सुरू असताना मात्र मला तिकडे यायला जमणार नाही. हे लिहायला मला सगळ्यात जड गेलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका; रविवारी सकाळी फोन करीन, व्हिडिओवर, आणि बाबांचे तळवे दाखवायचे.

ठेवीची मुदत संपली की ती नव्याने करा, दोघांच्या नावावर, आणि पावतीचा फोटो मला पाठवा.

तुमची,
मनू