तेरची फेरी बाजारातून सुरू व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तेरला बाहेरून येणारा माणूस गाडी थेट गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या, मंदिराशी लावतो, दर्शन घेतो, वेळ उरलाच तर वस्तुसंग्रहालयात डोकावतो आणि धाराशिवच्या रस्त्याला लागतो. गाव त्याला दिसतच नाही. गावातून पायी वारसा-फेरी निघावी असं अधूनमधून कुणीतरी बोलतं. निघावीच. फक्त ती संग्रहालयाच्या दारातून नको, बाजारातून निघू द्या.

कारण तेर मुळात बाजारासाठीच नावाजलेलं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते ‘तगर’ म्हणून येतं: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट, आणि इथलं साधं कापड, मलमल गाड्यांत घालून गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचं. इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली ज्वालामुखीच्या राखेखालून हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. तशाच घडणीची मूर्ती तेरलाही मिळालेली आहे, भोकरदनलाही. ही ये-जा राजेमहाराजांनी नव्हे, व्यापाऱ्यांनी आणि गाडीवानांनी घडवली. मग बाजार वगळून वारसा कसला दाखवणार?

आजही बाजारात मडकं घेताना बाई ते बोटानं वाजवून बघते. गोरोबाकाकांनी मडकी ठोकायचं थापटणं घेऊन संतमंडळींची डोकी अशीच वाजवली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट पोरांना पुस्तकात नुसती वाचायला मिळते. मडक्यांच्या ढिगाशी उभं राहून सांगितली की ती हसतात आणि स्वतः दोन-चार मडकी वाजवून बघतात. (कुंभार ओरडतो, तो भाग वेगळा.) पलीकडं शेळ्यांचे सौदे चाललेले असतात. उस्मानाबादी शेळीचं नाव देशभर गेलंय, पण सहलीला आलेल्या पोरांना ती कुणी दाखवत नाही.

तिथून त्रिविक्रम मंदिराकडं वळावं. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल असलेली ही विटांची वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह, असं अभ्यासक सांगतात. आत आज विष्णूचा त्रिविक्रम उभा आहे. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात म्हणून प्रसिद्ध आहेत. पण म्हणून भिंतीतली वीट उकरून बघायची गरज नाही, हे पाहुण्यांना आधीच बजावलेलं बरं.

संग्रहालयात जाताना रामलिंगप्पा लामतुरे यांच्याबद्दल दोन शब्द सांगावेत. गावातल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर मिळालेले मणी, मातीच्या मूर्ती, नाणी या माणसानं वर्षानुवर्षं जमवल्या, त्यातूनच आजचं शासकीय संग्रहालय उभं राहिलं. तीच पांढरी आपल्यापैकी काही जण अजून खत म्हणून ट्रॉल्यांनी शेतात नेतात. बोलायला नको, पण नेतात.

शेवट तेरणेकाठी, गोरोबाकाकांच्या मंदिराशी. उन्हाळ्यात नदीत डबकी उरतात, तरी खंड्या आणि बगळे असतात, टिटवी ओरडत राहते. काठ आहे तसा राहू द्यावा. सुशोभीकरण म्हणजे फरशा, रंगीत कारंजं आणि लोखंडी कमान, असं समीकरण आपल्याकडं होऊन बसलंय. बाभळी तोडून ओळीनं शोभेची झाडं लावू नयेत. त्यापेक्षा काठावरचं प्लास्टिक उचलावं, बाजाराजवळ बायकांसाठी स्वच्छ मुतारी आणि प्यायचं पाणी ठेवावं, आणि वळणावळणावर मराठीत दोन ओळींची पाटी लावावी. सांगायला गावातलीच शिकलेली पोरं-पोरी आहेत. त्यांना तासाचे पैसे मिळावेत, नुसतं प्रमाणपत्र नको.

आणि येणाऱ्यांना एक विनंती. बाजाराच्या दिवशी सकाळी लवकर या. उन्हं चढली की बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
तेर, जि. धाराशिव