दूधसागर सहलीत जीप न मिळाल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, सहल विभाग,
बेळगाव

विषय: २८ डिसेंबरच्या सहलीचे पैसे परत मिळणेबाबत

महोदय,

गेल्या रविवारी मी, माझी पत्नी आणि वडील तुमच्या बसने खानापूरहून दूधसागरला गेलो. माणशी २२०० प्रमाणे ६६०० रुपये पंधरा दिवस आधीच भरले होते. "जीपचं बुकिंग आमच्याकडे, तुम्ही नुसतं बसमध्ये बसायचं," असं तुमच्या ऑफिसात मला सांगितलं होतं.

वडील ७४ वर्षांचे आहेत. रेल्वेत गँगमन होते, आणि नोकरीची बरीच वर्षं कॅसलरॉक ते कुळे या घाटात काढली. धबधब्यासमोरच्या पुलावर त्यांनी पावसापाण्यात काम केलं, पण ३१० मीटरवरून येणारं ते पाणी खाली डोहात पडताना कधी पाहिलं नव्हतं. त्यासाठीच ही सहल होती.

कुळ्याला साडेआठला पोचलो. नाताळची सुट्टी, जीप स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीचा दोष मी तुम्हाला देत नाही. मोले अभयारण्यात बाहेरच्या गाड्या सोडत नाहीत, तिथल्याच जीपने जावं लागतं आणि एका जीपमध्ये सातच माणसं बसतात, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बसमध्ये आम्ही २८ जण होतो, म्हणजे चार जीप हव्यात. तुमच्या माणसाकडे बुकिंग निघालं दोनच जीपचं! तरणी पोरं धावत जाऊन बसली. आम्ही चौदा जण मागे राहिलो, त्यात बहुतेक वयस्कर.

"दुसऱ्या फेरीत नेतो" म्हणून त्याने आम्हाला दीड वाजेपर्यंत उन्हात बसवलं. वडिलांनी लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळून ठेवले होते. काढा म्हटलं तर म्हणायचे, "नको, जीप आली की घाई होते." दीड वाजता जीप बुकिंगची खिडकी बंद झाली तेव्हा पट्टे मीच सोडवले. मग आम्हाला तांबडी सुर्ल्याच्या महादेवाला नेलं. देऊळ फार सुंदर आहे, पण आम्ही त्याचे पैसे भरले नव्हते.

आणखी एक. जेवणाच्या थर्माकोलच्या प्लेटा तुमच्या माणसांनी अनमोड घाटात रस्त्याकडेला रानात टाकल्या. वानरं लगेच तुटून पडली. आम्ही तिघाचौघांनी मिळतील तेवढ्या गोळा करून बसमध्ये आणल्या. याच रानाच्या पाण्यावर आम्ही जगतो. म्हादई आमच्या तालुक्यात उगम पावते. हे पुन्हा होता कामा नये.

तिघांचे ६६०० रुपये पंधरा दिवसांत परत करावेत आणि दोनच जीप का घेतल्या याचं लेखी उत्तर द्यावं. नाहीतर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पावतीची झेरॉक्स जोडली आहे.

वडिलांची माफी मात्र फोनवर नको, घरी येऊन मागा. खानापूरला तुमची बस थांबते तिथून आमचं घर पाच मिनिटांवर आहे.

आपला,
एक प्रवासी, खानापूर