समारियाच्या घळीतल्या काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. मनातल्या मनात तुम्हाला काकाच म्हणत होते, म्हणून तेच लिहिते. आणि मराठीतच लिहिते, कारण त्या दुपारी तुमच्यासमोर माझ्या तोंडून ‘आई गं’शिवाय काही निघत नव्हतं आणि तुम्हाला ते बरोबर कळत होतं.

जुलै संपत आला होता. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या पांढऱ्या डोंगरांत, घळीच्या वरच्या तोंडाशी असलेल्या झिलोस्कालोहून आम्ही सकाळी सातला उतरायला लागलो. १,२०० मीटरांवरून थेट लिबियन समुद्रापर्यंत, १६ किलोमीटर. सह्याद्रीत वाढलेल्या मला वाटलं, उतरायचंच तर आहे! पण आपण ट्रेक करतो पावसात, नाहीतर थंडीत. भर उन्हाळ्यात दुपारी हरिश्चंद्रगडाच्या वाटेला कोण जातं? इथे वरून चुनखडीचे कडे तापलेले, खाली नदीपात्रातले गोटे तापलेले. वाटेतल्या झऱ्यांचं पाणी मी पोटभर पीत होते, पण मीठ कणभरही पोटात गेलं नव्हतं. समारिया गावाशी पोचेपर्यंत दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की पाऊल टेकवेना.

तुम्ही मला त्या ओसाड घराच्या सावलीत बसवलंत. १९६२ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि हे गाव उठलं, एवढं मी वाचलं होतं. तिथल्या भिंतीला पाठ टेकून मीठ-लिंबाचं पाणी पिताना मात्र ते घर कोणाचं तरी होतं, हे पहिल्यांदा जाणवलं. तुम्ही पायाचे अंगठे गुडघ्याकडे ओढून धरलेत. मी उठायची घाई केली की म्हणायचात, “सिगा, सिगा.” हळूहळू. मला बोटीची धास्ती होती. खाली किनाऱ्यावरच्या आगिया रुमेली गावाला गाडीरस्ता नाही, संध्याकाळची बोट गेली की मुक्कामच. तुम्ही मनगटावरचं घड्याळ दाखवलंत, मान हलवलीत आणि खेचर घेऊन आलात.

खेचरावर बसल्यावर मी रडले. दुखत होतं म्हणून नाही. जिथे घळ जेमतेम तीन-चार मीटरांची उरते आणि दोन्ही बाजूंना ३०० मीटरांचे कडे उभे राहतात, त्या दरवाजांतून पायी जायचं मी दोन वर्षं मनात धरलं होतं. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, सांगताही आलं नसतं. तरी दरवाजांच्या अलीकडे तुम्ही खेचर थांबवलंत, आधी माझ्या पायांकडे बोट केलंत, मग पुढे, आणि हात दिलात. त्या सावलीतून, पाण्यावरच्या लाकडी फळ्यांवरून मी माझ्या पायांनी चालले. तुम्ही मागे होतात, लगाम धरून, मुद्दाम चार पावलं लांब.

बाहेर पडताना तिकीट परत द्यावं लागतं, आत कोणी राहिलं नाही ना हे कळावं म्हणून. माझं देऊन होईपर्यंत तुम्ही खेचर वळवून परत आत निघाला होतात. मी मागून “एफखारिस्तो” ओरडले. धन्यवाद. तुम्ही न वळता हात वर केलात.

काका, मनापासून आभार. पुढच्या वेळी मे महिन्यात येईन आणि आधी नाव विचारीन.