दर पंधरवड्याला नव्याने निघणारा धोका

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

आगामी सण, मोर्चे, निदर्शने यांच्या पार्श्वभूमीवर कायदा व सुव्यवस्था अबाधित राहावी म्हणून पाच किंवा अधिक जणांनी एकत्र येण्यास मनाई. या धाटणीचे जमावबंदी आदेश राज्यात कुठे ना कुठे निघतच असतात. मुदत बहुधा पंधरा दिवसांची. ती संपली की तोच मजकूर पुन्हा येतो, तारखा तेवढ्या बदलतात. लोक ते वाचत नाहीत आणि पोलीसही ते सरसकट अमलात आणत नाहीत. एखादा मोर्चा नकोसा झाला, की मात्र तो कागद नेमका हाताशी असतो.

पंधराच दिवस का, हे आपल्या खात्याला ठाऊक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(३) खालचा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय त्याहून जास्त काळ चालत नाही. म्हणजे लांबलेली जमावबंदी आपल्या टेबलावर यावी, अशी कायद्याची योजना आहे. पण दर पंधरवड्याला नवा आदेश काढला की मंजुरीचा प्रश्नच उरत नाही. कागदोपत्री सगळे नियमात, आणि तपासणी मात्र कोणाचीच नाही.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १४४ च्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ची अट याहून कडक आहे. तातडीचा प्रतिबंध गरजेचा असला पाहिजे आणि प्रकरणातील तथ्ये आदेशात लिहिली पाहिजेत. कमाल मुदत दोन महिने. पुढची वाढ राज्य शासनाने द्यायची. सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद, तेव्हाचे कलम १४४, दोनदा वैध ठरवली. १९६१ साली बाबूलाल पराते खटल्यात, जो नागपूरच्या गिरणी कामगार संघटनांच्या वादातून उभा राहिला होता, आणि १९७० साली मधु लिमये खटल्यात. दुसऱ्या निकालात न्यायालयाने परिस्थितीची निकड हाच या अधिकाराचा गाभा मानला. काश्मीरमधील निर्बंधांवरच्या १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालाने तर असे आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर ठरेल, असे स्पष्ट सांगितले. पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ मध्ये निकडीची अट इतक्या ठळकपणे लिहिलेली नाही. ते कलम इतके सोयीचे का वाटते, याचे उत्तर मला तिथेच दिसते.

नागरिकाला हाच कायदा काय मोजमाप लावतो तेही पाहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार, पोलिसांकडे धाव घेण्याइतका वेळ असेल तर स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. म्हणजे अंगावर येणारा माणूस आत्ता येतोय की उद्या येईल, हे भेदरलेल्या माणसाने त्या क्षणी ओळखायचे. शासनाला मात्र पंधरा दिवसांनंतरचा, कोण करणार आणि कुठे करणार हे न सांगता आलेला धोकाही पुरतो!

दुसरीकडे खरा धोका डोळ्यांसमोर उभा असतो. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोलपंपावर कोसळलेला जाहिरात फलक १२० बाय १२० फुटांचा होता. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फूट. १७ जण मेले. तो फलक कुठे आहे, किती मोठा आहे, खाली कोण उभे असते, हे सगळे आधीच दिसत होते. वादळी वारा कुठल्या दिवशी येईल एवढेच काय ते माहीत नव्हते. कलम १६३ माणसाच्या जिवाला आणि सुरक्षेला असलेल्या धोक्यासाठीही वापरता येते, याची आठवण प्रशासनाला अशा वेळी फारशी होत नाही.

दंगल होऊ घातली असताना पोलिसांचे हात बांधावेत, असे मी म्हणत नाही. अफवा पसरली आहे, दोन जमाव एकाच चौकाकडे निघाले आहेत, अशा वेळी तासाभरात आदेश निघायलाच हवा. त्यात तो चौक, ती वेळ आणि मिळालेली माहिती लिहिणे अवघड नाही. खबऱ्याचे नाव झाकून ठेवा, घटना सांगा. धोका दोन दिवसांचा असेल तर आदेशही दोनच दिवसांचा असावा.

माझी मागणी आपल्या अधिकारातली आहे. लागू असलेला प्रत्येक मनाई आदेश, त्यामागच्या कारणांसह, ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी खात्याच्या संकेतस्थळावर येऊ द्या. आणि एकाच हद्दीत लागोपाठ दुसरा आदेश काढायचा असेल, तर पहिल्या पंधरवड्यात तिथे काय घडले याचा लेखी अहवाल जोडून फाईल आपल्याकडे मंजुरीला आली पाहिजे, असे परिपत्रक काढा.

आपला,
राज्यातील एक नागरिक