आप्पा, त्या दुपारी तुम्ही पंखा बंद केलात

आप्पा, शिरसाष्टांग नमस्कार.

निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन आले होते, पण तुमच्या फोटोच्या दुकानात लग्नाच्या अल्बमवाल्यांची गर्दी होती. बोलायचं राहूनच गेलं. तोंडावर मला नीट बोलता आलंही नसतं. म्हणून लिहिते, आणि चारचौघांनी वाचावं असंच लिहिते.

ॲनिमेशनच्या कामासाठी तुमच्याकडे मी आले ती तीन दारांवरून परत फिरून. ज्या क्लासने फी घेताना सगळं शिकवू म्हटलं होतं, त्यांनी ऐनवेळी फोन उचलणं बंद केलं. कॉलेजचा कॅमेरा कपाटात होता आणि कपाटाची किल्ली कोणाकडे, हे शेवटपर्यंत कळलं नाही. नात्यातल्या एकाकडे चांगला कॅमेरा होता, तर त्यांनी आईसमोरच ऐकवलं, ‘खेड्यातल्या पोरींना हे कशाला?’ आईला ते अजून बोचतं. मलाही.

वर्गासाठी पाऊण मिनिटाचं ॲनिमेशन करायचं होतं. दादासाहेब फाळक्यांनी 1912 च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर दाखवली, हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात आमचं कपाशीचं बोंड होतं. बोंड उकलतं, कापूस बाहेर येतो, सरकी सुटते आणि आजी वळते तशी त्याची वात होते. एवढीच गोष्ट. सेकंदाला 12 फोटो धरले तर 540. घरी काढलेले दोनशेच्या वर वाया गेले होते. खिडकीतलं ऊन सरकायचं, विटांवर ठेवलेला मोबाइल हलायचा.

तुम्ही ते फोटो पाहिले, हसला नाहीत. ‘बठ माय, घाई नको करू,’ म्हणालात. आणि आपल्या चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून अख्खे देखावे कसे उभे करायचे, ते सांगत बसलात. मला तोवर वाटत होतं, टेबलावर कापूस मांडून बसणारी मी एकटीच वेडी.

कॅमेरा, स्टँड, दिवे, कॅमेऱ्यातलं सगळं ‘ऑटो’ बंद करणं, हे तुम्ही दिलंत आणि शिकवलंत. त्याचे आभार आहेतच. पण मला रात्री आठवतं ते वेगळंच.

एप्रिलची अखेर. बाहेर पारा 44 ला टेकलेला, आत दोन दिवे तापलेले. दहा-बारा फोटो झाले आणि पंख्याच्या वाऱ्याने कापसाचा एक पुंजका टेबलावरून घरंगळला. मी रडकुंडीला आले. तुम्ही काही बोलला नाहीत. उठलात, पंखा बंद केलात, कूलर बंद केलात, शटर अर्ध्यावर ओढलंत आणि परत माझ्याजवळ येऊन बसलात. डोक्याला रुमाल घट्ट बांधलात, घामाचा थेंब कापसावर पडू नये म्हणून. सदरा पाठीला चिकटला होता. मी कापूस नखभर सरकवायची, हात मागे घ्यायची, तुम्ही बटण दाबायचात. एक गिऱ्हाईक वाकून आत डोकावलं, ‘आप्पा, लाइट गेली का?’ तुम्ही म्हणालात, ‘नही भो, पोरीना कापूस उडस.’

दोन दुपारी असं चाललं.

कोणी वस्तू दिली की आपण त्याला मदत म्हणतो. पण दुसऱ्याच्या चिमूटभर कापसासाठी एवढ्या उकाड्यात आपला वारा बंद करायचा, आणि त्याचा साधा उल्लेखही करायचा नाही, ही माणुसकी मी पुस्तकात कुठे वाचली नव्हती. ज्यांच्याकडे कपाटभर सामान होतं, त्यांच्याजवळ ही नव्हती. आपल्या खान्देशात अशी माणसं अजून आहेत, म्हणून आमच्यासारखी पोरं शिकतात, हे मला ठासून सांगायचं आहे.

वर्गात ॲनिमेशन दाखवलं तेव्हा वात वळून झाली आणि क्षणभर कोणीच बोललं नाही. मग सरांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. तिसाव्या सेकंदाच्या आसपास एका फोटोत डाव्या कोपऱ्यात तुमच्या कोपराची सावली आली आहे. मैत्रीण म्हणाली, तो फोटो काढून टाक, कळणारही नाही. मी ठेवला आहे.

आजीने वातींचं एक बंडल काकूंसाठी बांधून ठेवलंय. कापूस त्याच बोंडांचा आहे. रविवारी दुपारच्या पॅसेंजरने घेऊन येते.

तुमची,
कापूसवाली पोर