गुलकंदाचा मोहितो आणि बाबांची पंचाहत्तरी

ब्रिस्टल, ३ जून

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे मनातल्या मनात घातला असं समज.)

फोनवर सांगितलेलं तुला पाच मिनिटं लक्षात राहत नाही, आणि घरच्या ग्रुपवर लिहावं तर तिथे बाबा पहाटे पाचपासून हजर. म्हणून कागद. शिवाय तूच म्हणालीस, "नीट लिहून पाठव, पर्समध्ये ठेवून इंदूरला नेईन." तेव्हा घे, आणि पुण्याहून निघताना पर्स बदलू नकोस.

आधी निकाल सांगते. बाबांच्या पंचाहत्तरीला गच्चीवर मोहितोच करायचा, म्हणजे ते रम-लिंबू-पुदिन्याचं गार पेय, पण माझ्या इथल्या फुलाचा नाही. आईच्या गुलकंदाचा. दादाला इथलं फूल हवं होतं, "काहीतरी फॉरेनचं पाहिजे यार," म्हणत होता. त्याला कसं पटवायचं ते तू बघ. मी इथे तीन उन्हाळे हात पोळून घेतलेत, ते सांगते.

मेच्या शेवटी इथे एल्डर फुलतं. म्हणायला झाड, खरं तर कुंपणाचं माजलेलं झुडूप. आपल्याकडे घाणेरी कशी कुठेही उगवते, तसं हे रेल्वेच्या रुळांशेजारी, कचऱ्याच्या डब्यांमागे, नदीकाठच्या पायवाटेवर. फुलांचा तुरा तळहाताएवढा आणि सपाट. जवळ नेऊन बघितलं की एकेक फूल साबुदाण्याच्या दाण्याहून जरासं मोठं, साईच्या रंगाचं, पाच पाकळ्यांचं, मधे पिवळे केसर. हात लागला की बोटांना पिवळी धूळ चिकटते. लिचीसारखा, थोडा नाशपातीसारखा जो वास आहे तो बराचसा त्या धुळीत. तुरा जुना झाला असेल तर मात्र मांजराचा वास येतो. खोटं नाही सांगत.

पहिल्या वर्षी मी आईच्या संस्कारांना जागून सगळे तुरे नळाखाली खळखळून धुतले. धूळ गेली, वासही गेला, आणि एक किलो साखर घालून मी दीड लिटर नुसतं गोड पाणी तयार केलं. शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं, धुवायचे नसतात, झटकायचे असतात, किडे पडून जातात." पुढच्या वर्षी झटकले. कोरड्या दिवशी दुपारच्या आत तोडले, हिरवे देठ कात्रीने काढून टाकले, कारण या झाडाच्या हिरव्या भागांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. मग वीस तुरे, दोन लिंबं, गरम पाक आणि थोडं सायट्रिक ॲसिड, म्हणजे इंदूरच्या वाण्याकडे आपण "नींबू के फूल" मागायचो तेच. एक रात्र झाकून ठेवायचं, सकाळी पातळ फडक्यातून गाळायचं. हे सरबत मोहितोत साखरेऐवजी घातलं की काय होतं ते सांगून कळणार नाही. पण ते इंदूरपर्यंत नेणार कोण? आणि आपल्या गच्चीवर, जूनच्या त्या चिकट उकाड्यात, ते फूल बिचारं पाहुण्यासारखं अंग चोरून बसेल.

आता मूळ पेयाबद्दल थोडं, म्हणजे दादाने अक्कल पाजळली तर तुझ्याकडे उत्तर असेल. मोहितो क्युबाचा, हवानाचा. सामान एवढंसं: पांढरी रम, लिंबू, साखर, पुदिना, सोडा, बर्फ. बारटेंडरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलेलं माप एका ग्लासाला ४५ मिली रम, २० मिली लिंबाचा रस, दोन चमचे साखर आणि पुदिन्याच्या सहा काड्या. रम उसाची, बहुतेक वेळा मळीची. कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांबाहेर जो वास येतो ना, तिथूनच तिचा जन्म. मी ज्या शहरात राहते ते तर कॅरिबियनच्या साखरेवर आणि त्यासाठी विकल्या गेलेल्या माणसांवर श्रीमंत झालं. इथल्या गोदीवरून चालताना हे आठवतं कधीकधी. पण ते पत्र वेगळं.

लिंबाच्या बाबतीत आपण इंग्रजांच्या पुढे आहोत. क्युबात वापरतात ते लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच, तीच जात. इथल्या दुकानात मोठं, जाड सालीचं, बिनबियांचं मिळतं आणि त्याला तो झणका नाही. तेव्हा दादाने मॉलमधून "इम्पोर्टेड लाइम" आणलं तर परत पाठव. भाजीवालीकडची पातळ सालीची, पिवळसर झालेली घे. माणशी एक धर.

पुदिन्यात मी दुसऱ्यांदा तोंडावर पडले. ऑफिसातली सहा माणसं जेवायला बोलावली होती. मी खलबत्ता काढला आणि आपण चटणीला कुटतो तसा कुटला. ग्लासात हिरवं गढूळ पाणी, चव कारल्याच्या सालीसारखी, आणि सगळ्यांच्या स्ट्रॉ तुंबल्या. एकाने शेवटी चमचा मागितला! झालं काय होतं, पुदिन्याचा वास पानाच्या अंगावरच्या इवल्या तेलाच्या पुटकुळ्यांत असतो. त्या नुसत्या दाबाने फुटतात. पान फाटलं की आतला कडू हिरवा रस उतरतो. म्हणून पानं साखर-लिंबाबरोबर ग्लासाच्या तळाशी रवीच्या दांड्याच्या टोकाने चार-पाच वेळा नुसती दाबायची. भांडण झालेल्या माणसाचा हात दाबतो तेवढीच. वर खोवायची काडी तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकदा टाळी वाजवायची, बस.

जुडी आदल्या दिवशी आणलीस तर फ्रिजमध्ये कोंबू नकोस. देठ छाटून फुलांसारखी पाण्याच्या पेल्यात उभी कर.

आता गुलाब. गेल्या डिसेंबरात एल्डरचं सरबत संपलं होतं आणि मला घरची फार आठवण येत होती, म्हणून इथल्या देशी दुकानातून गुलाबपाणी आणलं. एका ग्लासाला दोन मोठे चमचे. शेजारचीने एक घोट घेतला आणि अगदी सभ्यपणे म्हणाली, "माझ्या आजीच्या कपाटात असा साबण असायचा." मला तर मंगल कार्यालयाच्या दारात गुलाबदाणी घेऊन उभे असलेले काका दिसले. सगळं मोरीत ओतलं. तेव्हा फडताळात मागे आईच्या गुलकंदाची बाटली दिसली, गेल्या वेळी येताना साडीत गुंडाळून आणलेली. म्हटलं, बघू तरी.

ताई, जमलं. आणि का जमलं तेही कळलं. गुलाबपाणी म्हणजे नुसता वास, त्याला अंग नाही. गुलकंदात पाकळी आहे. आई चैत्रात देशी गुलाब आणून पाकळी आणि खडीसाखरेचे थर लावते, आणि बरणी रोज गच्चीवर उन्हात जाते. महिन्याभराने जे उरतं त्यात गोडाबरोबर थोडा तुरटपणाही असतो. लिंबाच्या आंबटाला तो तुरटपणा धरून ठेवतो. पुदिना आधी लागतो, गुलाब घोट गिळल्यावर मागून येतो. माझं तर मत झालंय की फूल मागूनच यायला हवं. पहिल्याच घोटाला गुलाब-गुलाब झालं तर ते पेय नाही, देव्हारा.

(कोणीतरी नक्की म्हणणार, "हे तर पानासारखं लागतंय!" लागतंच. काथ-चुना नसलेलं मघई. म्हणून बाजारचा गुलकंद नको, त्यात बडीशेप-वेलची असली की सगळं पानपट्टीवर जातं.)

कृती. एका ग्लासाला गुलकंद दोन चहाचे चमचे भरून. दोन चमचे कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवायचा आणि चहाच्या गाळणीतून दाबून गाळायचा. हे गच्चीवर करत बसू नकोस. सगळ्यांचा मिळून दुपारी गाळून बाटलीत भरून ठेव. साखर अजिबात नाही, गुलकंदात आहे तेवढी पुरते. गाळणीत उरलेल्या पाकळ्या टाकू नकोस, रात्री आइस्क्रीमवर घाला. ग्लासात पुदिन्याची आठ-दहा पानं, लिंबाचा रस, गुलकंदाचं पाणी, मग दाबणं. बर्फ काठोकाठ, कारण थोडा बर्फ लवकर वितळतो आणि सगळं पांचट होतं. मग रम, वरून गार सोडा, लांब चमच्याने तळातून एकदाच वर उचलायचं. गुलाबपाणी घालायचंच असेल तर अगदी शेवटी, दोन थेंब. थेंब म्हटलंय, ताई. तुझा हात मला माहीत आहे.

रमचं काय ते बाबांना विचारू नका. त्यांच्या मते रममध्ये पाण्याखेरीज काही घालणं म्हणजे बाटवाबाटवी. होमिओपॅथीच्या डब्यामागची ओल्ड मंक त्यांची त्यांना राहू दे. मी ती घालूनही पाहिली. रंग काळ्या चहाचा होतो आणि तिचा व्हॅनिलासारखा वास गुलाबाला बोलूच देत नाही. पांढरी रमच आणायला सांग. ७५० मिलीच्या बाटलीत सोळा ग्लास होतात. चाळीस पाहुण्यांत पिणारे वीस धरले तर दोन बाटल्या रगड झाल्या. बडोद्याचा मामा मात्र दोन माणसांत मोज. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे आणि मामा दाहोद ओलांडला की त्या सगळ्या वर्षांची भरपाई करायला बघतो.

दादाच्या डोक्यात मोहाची कल्पना आहे, तीही आत्ताच खोडून काढ. "भिया, रम कशाला, आपल्या मध्य प्रदेशात फुलाचीच दारू होते," असं तो मला फोनवर म्हणाला. बरोबर आहे, मोहाची फुलंच आंबवून ती काढतात, आणि त्याचा मुद्दा मला आवडलाही. पण मोहाचा वास पैलवानासारखा. त्याच्यासमोर आईचा गुलकंद टिकणार नाही. मोह पुढच्या खेपेला, एकटाच.

आईसाठी, आत्यासाठी आणि पोरांसाठी हेच सगळं, रम वगळून. फक्त लिंबू थोडं कमी कर, कारण रम नसली की आंबट पुढे येतं. कोणी विचारलं तर "गुलाब-पुदिना सरबत" म्हण. शिकंजी म्हणू नकोस हं. आठवतंय ना, तुझ्या सासूबाई पहिल्यांदा इंदूरला आल्या तेव्हा दुपारी लिंबाचं म्हणून शिकंजी मागवली आणि समोर आटवलेल्या दुधाचा, सुक्या मेव्याचा ग्लास आला. त्यांनी तो संपवला, पण संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत.

आणि कोणालाही त्यात जिरावन मसाला घालू देऊ नकोस. आपली माणसं पोह्यांवर, पेरूवर, काकडीवर घालतात, ग्लास दिसला की हात शिवशिवणारच. डबी खालीच ठेव.

तारखेचं दादाशी बोलून पक्कं कर. जूनचा शेवटचा रविवार म्हणजे आषाढीच्या आधीच येतो, त्यामुळे आईला चातुर्मासाचं कारण सांगता येणार नाही. पाऊस आला तर गच्चीऐवजी मागची पडवी. सोड्याच्या बाटल्या आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये, आणि बर्फ घरी जमवत बसू नका, विकत आणा.

मला यायला जमत नाही, याबद्दल फोनवर रडून झालंय, पुन्हा लिहीत नाही. त्या दिवशी इथे दुपार असेल. मी व्हिडिओवर असेन, हातात माझा एल्डरवाला ग्लास. बाबांनी पहिला घोट घेतला की फोन त्यांच्या तोंडासमोर धर. ते म्हणणार "ठीक आहे", पण भुवया बघायच्या.

जिजाजींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझी,
बेबी

ता. क. गुलकंदाची मोठी बरणी देवघराच्या वरच्या फळीवर असते, फडकं बांधलेली. आईला विचारलंस तर ती कशासाठी म्हणून विचारेल, तेव्हा ती दुपारी झोपली की काढ. चमचा मात्र कोरडा घे. ओला चमचा गेलेला तिला झाकण उघडताच कळतं, आणि नाव माझंच येतं, मी सात समुद्रांपलीकडे असले तरी.